नव्यातली जमीन, जुन्यातलं आभाळ

सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की लातुरात धूळ येते. मळणी यंत्रं शिवारात चालतात, पण त्यांचा बारीक पिवळट भुसा रिंग रोड ओलांडून आमच्या गॅलरीपर्यंत पोचतो. दोरीवरच्या साड्यांना चिकटतो, खिडकीच्या गजांवर बसतो, पोळपाटावरून हात फिरवला तर बोटांना लागतो. मोंढ्याच्या धान्यबाजाराकडून पोत्यांचा वास येत राहतो, ओलसर, जरा आंबूस, तेलकट. संध्याकाळी निलंग्याहून शाळा करून एसटीनं परत येते तेव्हा माझ्या केसांतही तो भुसा असतो. हे सगळं दरवर्षीचंच आहे. मधे एक वर्ष असं येऊन गेलं, की तेव्हापासून हा वास आला की मला आधी कॉम्प्युटरचा पडदा पुसायचं फडकं आठवतं.

त्या वर्षी तो पडदा मी रोज पुसत होते. सकाळी एकदा, शाळेतून आल्यावर एकदा. ओल्या फडक्यानं पुसू नको, रेघा पडतात, असं दिलीपनं सांगितलं होतं. दिलीप म्हणजे माझा नवरा. समोर मी त्याला अहो म्हणते. मनातल्या मनात मात्र लग्नापासून अरेच. लग्नाचे अल्बम करून द्यायचं त्याचं दुकान. फोटोग्राफर फोटो आणून टाकायचे, आणि हा त्यातले रंग नीट करायचा. नवरीच्या गालावरचं पिवळं हळदीचं किती आणि मांडवाच्या कापडाचं किती, हे त्याला एका नजरेत कळायचं. त्या कामासाठी घरी एक दणकट कॉम्प्युटर होता, आणि कामं संपली की त्यावर तो विमान उडवायचा. खरं विमान त्यानं कधी आतून पाहिलं नव्हतं. पण विमान उडवायचे जे दोन मोठे खेळ आहेत, ते दोन्ही त्याच्याकडे होते. त्याला खेळ म्हटलेलं आवडायचं नाही. सिम्युलेटर म्हण, म्हणायचा. मी घरात त्यांना नवं आणि जुनं म्हणायची.

नव्यात जमीन खरी होती. आभाळातून काढलेल्या फोटोंचीच जमीन अंथरलेली. लातूरवरून विमान नेलं की गंजगोलाईच्या बाजाराचा गोल आणि त्याला फुटलेले रस्ते ओळखू यायचे. फक्त ते फोटो कुण्या उन्हाळ्यात काढलेले. त्यामुळे खेळात धो धो पाऊस चालू असला तरी खालचा मराठवाडा कायम मे महिन्यातला, तांबूस, वाळलेला, मांजरा धरणाच्या कडा उघड्या पडलेल्या. झाडं आणि घरं कॉम्प्युटर आपल्या मनानं लावायचा. माझ्या शाळेवर त्यानं लाल उतरतं छप्पर चढवलं होतं.

जुन्यात जमीन मनाचीच होती. हिरवे चौकोन, त्यांना कुंपणं, कुठल्या देशातली कोण जाणे. पण त्यातलं आभाळ! ढगाच्या कडेला ऊन कसं लागतं, संध्याकाळी दूरचं सगळं धुरकट कसं होत जातं, पंखावरून उजेड कसा सरकतो, हे त्यातच पाहावं. असं सलीमभाई म्हणायचे.

सलीमभाई नांदेडचे. मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतात. दिलीपशी त्यांची ओळख इंटरनेटवरच्या कुठल्याशा चर्चेत भांडताना झाली. दोघं बराच काळ हिंदीत भांडत होते, मग कळलं की एक लातूरचा आणि दुसरा नांदेडचा. तेव्हापासून ते मराठीत भांडायला लागले. मी भाकरी थापत असायची आणि फोन स्पीकरवर असायचा.

“भाय, तुझ्या नव्यातली झाडं बघितली का? गोभी हाय गोभी! लिंबाचं झाड असं असतं का?”

“आन् तुझ्या जुन्यात गोदावरी कुठाय? निळी पट्टी ओढलीय निस्ती.”

“तुझ्या इमानाला जमीन हाय, माझ्या इमानाला आभाळ हाय. इमान कुठं उडतंय ते तूच सांग.”

त्या भांडणांचा मला कंटाळा होता, आणि आता मागे वळून बघताना वाटतं की तेवढाच घरात आवाज होता. दोघांनी मिळून एक बेत केला होता. दिवाळीच्या सुट्टीत नांदेडला सलीमभाईंच्या घरी दोन पडदे शेजारी शेजारी लावायचे, एकाच वेळी दोन्हीकडे नांदेडहून लातूरला उडायचं, त्याचा व्हिडिओ करायचा आणि कोण सरस ते एकदाचं ठरवायचं. दिलीप त्याची तयारी श्रावणापासून करत होता.

आणि मग तो तक्रार करायला लागला. नव्या अपडेटनं वाटोळं केलं म्हणाला. कडा विरघळतात, लांबचं काही येतच नाही. आधी त्याला वाटलं इंटरनेट. नव्यातली जमीन इंटरनेटवरून यायची, ते मंदावलं की शेतं तुपासारखी पातळ व्हायची, हे मीही पाहिलं होतं. कनेक्शन बदललं. मग त्याला वाटलं धूळ. पडदा पुसायचं काम माझ्याकडे आलं ते तेव्हा. मग दुकानातला पडदा घरी आला आणि घरचा दुकानात गेला. शेवटी एका संध्याकाळी तो सलीमभाईंना म्हणाला, “तुझं जुनंबी आता बिघडलंय बघ. ढगाला धारच न्हाई.”

सलीमभाई जिंकल्यासारखे हसणार असं मला वाटलं. ते हसले नाहीत. “माझ्याकडं तर ठीक दिसायलंय, भाय,” एवढंच म्हणाले.

त्याच आठवड्यात एका नवरीची आई दुकानात येऊन भांडून गेली. लेकीला हिरवं केलंत म्हणाली. दिलीपनं मला ते हसत सांगितलं आणि जेवताना अर्ध्यातून उठला.

रविवार होता. मी पहिल्या सत्राचे पेपर तपासत बसले होते. त्यानं हाक मारली.

“शोभा, इकडं ये. हा पूल बघ.”

नव्यातलं नांदेड होतं, गोदावरीवरचा पूल. मी त्याच्या खुर्चीमागं उभी राहिले.

“कसा दिसायलाय?”

“बरा हाय की.”

“बरा म्हंजे? कडा विरघळल्यात का न्हाई?”

“न्हाई. कठडे दिसायलेत. खाली पाण्यात सावलीबी हाय.”

त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं. मग परत पडद्याकडे. मग तळहातानं एक डोळा झाकला, थोडं थांबून दुसरा झाकला. शाळेत डोळे तपासायला येतात तेव्हा मुलं करतात तसं.

“सावली कुठल्या अंगाला हाय?” त्यानं विचारलं.

“डाव्या.”

त्यानं कॉम्प्युटर बंद केला, आणि बंद पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून बसून राहिला. माझ्या हातात लाल पेन तसंच होतं. काय झालंय ते आम्हा दोघांनाही एकाच वेळी कळलं होतं, आणि आधी कोणी बोलायचं हा प्रश्न होता. शेवटी मी म्हणाले, “उद्या डॉक्टरकडं जाऊ.” तो म्हणाला, “हाव.”

त्याला साखरेचा आजार बरीच वर्षं होता. गोळ्या चालू होत्या. कधी विसरायच्या, कधी संपायच्या. लातूरच्या डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घातलं, उजेड मारला, आणि नांदेडच्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. “पडद्यावर रक्त उतरलंय,” असं त्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. डोळ्याच्या पडद्याबद्दल बोलत होते. मला मात्र महिनाभर पुसलेला तो दुसरा पडदा दिसत राहिला. इतक्या निष्ठेनं मी चुकीची वस्तू पुसत होते.

मग नांदेडच्या वाऱ्या सुरू झाल्या. पहाटेची एसटी, अहमदपूर, लोहा, आणि नांदेडच्या स्टँडवरून रिक्षा. कधी लेसर, कधी डोळ्यात इंजेक्शन. परतताना त्याच्या एका डोळ्यावर पट्टी असायची आणि दुसरा धड नसायचा. मी खिडकीशी बसायची. रजा संपत आल्या होत्या, शाळेत हेडमास्तर तोंड वाकडं करायचे, घरी पेपरांचा गठ्ठा तसाच पडलेला. डोळे मिटून तासभर झोपावं एवढीच इच्छा असायची. आणि तो विचारायचा, “भाईर काय दिसायलंय?”

“शेतं.”

“कसली?”

“सोयाबीन हाय. मधी तूर.”

“रंग?”

“हिरवा.”

“हिरवा म्हणू नको. कुठला हिरवा?”

आयुष्यभर रंगांवर पोट भरलेल्या माणसाला हिरवा हा एक रंग नसतो. मग मी नीट बघायला शिकले. काढणीला आलेलं सोयाबीन पिवळं नसतं, त्याची पानं गळून गेल्यावर उरतो तो एक करडा तांबूस रंग, रापलेल्या हातासारखा. त्याच्या मधल्या ओळींत तूर काळपट हिरवी उभी असते. जिथं रास झालीय तिथं भुशाचा ढीग उन्हात पांढुरका दिसतो. ऊस लांबून मऊ वाटतो. बाया डोक्याला फडकी बांधून काढणीला बसलेल्या असतात, आणि एसटी गेली की एखादी मान वर करून बघते. हे सगळं मी त्याला सांगायची. पंचवीस वर्षं मी अशाच रस्त्यांनी एसटीतून ये-जा करत आले होते, आणि यातलं काही मी पाहिलं नव्हतं.

पण खरं सांगायचं तर बघण्याचाही थकवा असतो. दुसऱ्यासाठी बघण्याचा तर फारच. एकदा परतताना, लोह्याच्या अलीकडे, तो विचारतच राहिला आणि मी ओरडले. अख्ख्या गाडीत. “पिवळं हाय! सगळं पिवळं हाय! मला बघवत न्हाई आता.”

कंडक्टरनं मागं वळून पाहिलं. लोहा आलं, गाडी थांबली, शेंगदाणेवाला चढला आणि उतरला. गाडी परत सुटल्यावर दिलीप हळूच म्हणाला, “मलाबी पिवळंच दिसायलंय.”

मला हसू आलं आणि रडूही. त्यानं माझ्या मांडीवरची पिशवी स्वतःकडे घेतली. “झोप,” म्हणाला. “अहमदपूर आलं की उठवतो.” त्याला अहमदपूर आलेलं कसं कळणार होतं, हे मी विचारलं नाही. झोपले.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सलीमभाईंकडे गेलो. ठरलेला बेत रद्द करावा असं मला वाटत होतं, पण दिलीप ऐकेना. सलीमभाईंच्या बायकोनं, नसरीनभाभींनी, खिचडी आणि चिंचेचा खट्टा केला होता. बाहेरच्या खोलीत टेबलावर दोन पडदे मांडले होते, एकात नवं, एकात जुनं. दिलीप दोन्हींच्या इतक्या जवळ जाऊन बसला की त्याचा श्वास काचेवर उमटत होता. सलीमभाईंनी त्याची खुर्ची मागं ओढली नाही. आपलीच थोडी पुढे सरकवली.

दोन्ही विमानं नांदेडच्या धावपट्टीवरून उठली. सलीमभाई दोन्हीकडचं सांभाळत होते. थोड्या वेळानं दिलीपनं मान मागे घेतली. “शोभा सांगील,” तो म्हणाला. “तिला बघता येतंय आता.”

म्हणून मी सांगितलं. नव्यात खाली लोहा आहे, खरं लोहा, रस्त्याचं वळणसुद्धा तेच. पण शेतं उन्हाळ्यातली आहेत, आत्ता येताना पाहिलेल्यातलं त्यात काहीच नाही. जुन्यात खाली कुणाचं शेत आहे माहीत नाही. पण ऊन तिरपं झालंय, लांबचं सगळं भुशात बुडाल्यासारखं दिसतंय, आणि आपल्याकडं राशीच्या दिवसांत संध्याकाळ तशीच होते.

“फैसला करा, भाबी,” सलीमभाई म्हणाले. “कोण जिंकलं?”

“नव्यात जमीन आपली हाय, पण दिवस आपला न्हाई,” मी म्हणाले. “जुन्यात दिवस आपला हाय.”

“ऐकलं? जमीन आपली म्हणाली,” दिलीप म्हणाला.

“दिवस! दिवस म्हणाली!” सलीमभाई खुर्चीवरून उठले, आणि दोघं परत भांडायला लागले. पूर्वीसारखे, आवाज चढवून, टेबलावर हात आपटून. नसरीनभाभी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली आणि चहा ठेवायला आत गेल्या. त्या आवाजात मी भिंतीला टेकून बसले. बऱ्याच दिवसांत पाठ अशी टेकली नव्हती.

लातूर जवळ आल्यावर दिलीप म्हणाला, “दे इकडं, मी उतरवतो.” सलीमभाईंनी नव्यातलं विमान वळवायची दांडी त्याच्या हातात दिली. मी शेजारी बसून आकडे वाचत होते, उंची, वेग. धावपट्टी समोर आली तेव्हा मी सांगितलं, समोर आहे, किंचित उजवीकडे. त्याला ती दिसली नाही. विमान शेजारच्या शेतात गेलं आणि पडदा काळा झाला. दिलीपनं दांडी टेबलावर ठेवली, ती सरळ आहे का ते बोटांनी चाचपून पाहिलं, आणि म्हणाला, “बास झालं.” त्यानंतर त्यानं विमान उडवलं नाही.

दिवाळीनंतर डाव्या डोळ्याचा पडदा सुटायला लागला. नांदेडच्या डॉक्टरांनी हैदराबादला जायला सांगितलं, आणि लवकर.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते. ऑपरेशन झालं. डाव्या डोळ्याला आता उजेड कळतो, समोर हात हलवला तर हात कळतो. उजवा वाचला, पण मधल्या भागात धुकं आहे. परत आलो ते रेल्वेनं, कारण डोळ्यात वायू भरला होता आणि तो असेपर्यंत विमानात बसायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद होती. घरी कित्येक दिवस तो उशीवर तोंड खाली घालून पडून होता आणि मी जमिनीवर बसून त्याला वाटीतलं भरवत होते. दुकान आहे. पूजा नावाची एक मुलगी आता रंगांचं काम करते, आणि दिलीप शेजारी बसून विचारतो, गालावरचं पिवळं कसलंय? ती आधी वैतागायची. आता नीट बघून सांगते. सलीमभाईंचा फोन अजून येतो. मध्यंतरी नव्यात मराठवाड्याचे फोटो बदलले, आता सगळं हिरवंगार केलंय म्हणाले. दिलीपनं ऐकून घेतलं. “कुठला हिरवा?” एवढंच विचारलं.

पण या धुळीच्या दिवसांत मला आठवत राहतो तो हैदराबादला जातानाचा प्रवास. रेल्वेनंच जायचं ठरत होतं. सलीमभाई म्हणाले, “भाय, इतकी वर्षं इमानं उडवली, एकदा बसून तर बघ.” दिलीप चिडला. “आता बसून काय बघू? थट्टा करतो का माझी?” त्या दिवशी कधी नव्हे ते मी मधे पडले. म्हणाले, “जायचं. मला बघायचंय.”

नांदेडच्या विमानतळावर तो मुलासारखा माझं मनगट धरून चालला. विमान लहानसं, पंख्याचं. इंजिन सुरू झालं तेव्हा त्यानं कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, “आवाज नव्या-जुन्या दोघांचाबी चुकलाय.” खिडकीची जागा त्याची होती. त्यानं पट्टा बांधायच्या आधीच उठून ती मला दिली.

विमान उठलं. मग नांदेड तिरकं झालं, गोदावरी एकदम उन्हात चमकली आणि मागं गेली. मी सांगायला सुरुवात केली. सवयच झाली होती. शेतं सांगितली, बरीचशी मोकळी झालेली, काळी, काही ठिकाणी हरभऱ्याची नुकती हिरवळ. रस्ते सांगितले. ढग थोडे होते, आणि त्यांच्या सावल्या शेतांवरून सरकत होत्या, एका बांधावरून दुसऱ्या बांधावर. हे नव्यात होतं का जुन्यात, मला आठवेना. ते विचारायला मी वळले.

तो झोपला होता. मान माझ्या खांद्यावर कलली होती, तोंड किंचित उघडं. ऑपरेशनचं ठरल्यापासून त्याला झोप नव्हती, हे मला माहीत होतं. मी किती वेळ एकटीच बोलत होते कोण जाणे.

क्षणभर वाटलं, उठवावं. परत कधी बसणार आहोत. पण नाही उठवलं. खिडकीकडे तोंड केलं. खाली कुठंतरी देगलूर असणार, माझं माहेर. ओळखू आलं नाही. नुसती जमीन होती, काळी, करडी, मधेच एखादं पाणी लखकन् हलायचं. रंग कुठला, कडा नीट आहेत का, सावली कुठल्या अंगाला, हे कुणी विचारत नव्हतं. कुणाला सांगायचं नव्हतं. मी बघत बसले, नुसती बघत. त्या सगळ्या हंगामात पहिल्यांदाच माझे डोळे माझ्यापुरते होते. खांदा अवघडला होता, तरी हलवला नाही.

चाकं जमिनीला लागली तशी तो दचकून जागा झाला. माझ्या अंगावरून खिडकीकडे वाकला, आणि तसाच थांबला.

“आलो का?”

“हाव,” मी म्हणाले, आणि त्याचा पट्टा सोडवला.